वधूची हरकत

निवृत्त झाल्यावर मी गंगापूर रोडच्या बाजूला एका बागेत सकाळी फिरायला जाऊ लागले. तिथल्या बायकांनी विचारलं, "तुम्ही नोकरीला कुठं होतात?" मी सांगितलं, "चर्चच्या ऑफिसात. लग्नं लिहायचे." दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीनं आपल्या भाच्याचा बायोडाटा आणि दोन फोटो आणून माझ्या हातात ठेवले. "मुलगा सिन्नरला कंपनीत आहे. जमलं तर बघा." मी समजावलं की मी लग्नं जमवत नव्हते, जमलेली लिहून ठेवत होते. तिनं मान हलवली, पण फोटो काही परत घेतले नाहीत.

आमचं चर्च इंग्रजांच्या काळातलं, दगडी. तेव्हा ते अँग्लिकन होतं. पुढं निरनिराळे पंथ एकत्र आले, पाटीवरचं नाव बदललं, पण म्हातारी माणसं अजून "आम्ही अँग्लिकन" म्हणतात, आणि लग्नाची पद्धतही पुष्कळशी तीच राहिली आहे. बाहेरच्यांना सिनेमामुळं वाटतं की पांढरा झगा, अंगठी, पाद्रीसाहेबांनी विचारायचं आणि "हो" म्हणायचं, झालं. आमच्याकडं आदल्या दिवशी हळद असते, नवरीला बहुतेक वेळा पांढरी साडी असते, आणि एकदा तर एका वऱ्हाडानं बँडसकट घोडा थेट चर्चच्या पायरीपर्यंत आणला होता. घोड्याला आत घ्यायचं नाही असं कुठल्या नियमात लिहिलंय, असं नवऱ्याचा मामा मला विचारत होता. मी नियमांचं पुस्तक खरोखर उघडून बघितलं. घोड्याबद्दल काही नव्हतं.

माझं काम लग्नाच्या आधी आणि लग्नानंतर. आधी अर्ज भरून घ्यायचा, बाप्तिस्म्याचे दाखले बघायचे, वयं तपासायची. मग लागोपाठ तीन रविवार उपासनेत त्या दोघांची नावं मोठ्यानं वाचली जातात आणि सगळ्या मंडळीला विचारलं जातं, या लग्नाला कोणाची काही हरकत आहे का? असेल तर आत्ताच सांगा. मग पाद्रीसाहेब दोन क्षण थांबतात. कोणी बोलत नाही. लग्नाच्या दिवशी वेदीशेजारच्या खोलीत, जिला आम्ही वेस्ट्री म्हणतो, मोठी वही उघडायची. तीत नाव, वय, धंदा, वडिलांचं नाव आणि एक रकाना "स्थिती" असा. म्हणजे अविवाहित, विधुर की विधवा. खाली सह्या. त्या वहीत खाडाखोड चालत नाही. माझ्या वह्यांत एकतीस वर्षांत खाडाखोड नव्हती, याचा मला फार अभिमान होता. आता त्या अभिमानाकडं बघून कसं वाटतं, ते नीट सांगता येत नाही.

ते दोन क्षण मी शेकडो वेळा ऐकले असतील. ते मोडलेले एकदाच ऐकले.

मी निवृत्त व्हायच्या दीड वर्ष आधी एका सकाळी तिघं ऑफिसात आली. शमुवेल पगारे, वय त्र्याहत्तर, इगतपुरीच्या रेल्वे शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी रत्नमाला, सदुसष्ट वर्षांच्या. आणि त्यांची मुलगी मर्सी, नाशिकमध्ये शाळेत शिक्षिका, जिच्याकडं ते दोघं आता राहत होते. पेन्शनच्या कागदांवर पत्नीचं नाव चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त करायला लग्नाचा दाखला मागितला होता. पगारेकाकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरत होतं, त्यामुळं मर्सीला घाई होती.

"लग्न याच चर्चमध्ये लागलं का?" मी पगारेकाकांना विचारलं.

उत्तर रत्नमालाताईंनी दिलं. त्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरं देत होत्या. काका बोलताना अडखळायचे, पहिलं अक्षर तोंडातून निघायला वेळ लागायचा, आणि ते निघायच्या आत ताईंचं वाक्य पूर्ण झालेलं असायचं.

"लागलं इगतपुरीला, क्वार्टरच्या पटांगणात," त्या म्हणाल्या. "माझे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना नाशिकला आणता येत नव्हतं. म्हणून तिथल्या मंडळीच्या प्रचारकांनी प्रार्थना करून आशीर्वाद दिला. पण म्हणाले, लग्न लावायचा अधिकार मला नाय. आठ दिवसांनी नाशिकला जाऊन पाद्रीसाहेबांपुढं उभे राहा. मग यांनी सांगितलं, पाद्रीसाहेबांचा निरोप आलाय, यायची गरज नाय, वहीत लिहून टाकलंय. लिहिलं असंल ना, बाई?"

मी लोखंडी कपाट उघडलं. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची वही काढली. दहा मिनिटांत पान सापडलं. त्या वेळच्या पाद्रीसाहेबांची सवय होती, आदल्या दिवशी मजकूर भरून ठेवायचा, म्हणजे लग्नाच्या दिवशी फक्त सह्या. पानावर शमुवेलचं नाव होतं, रत्नमालाचं होतं, दोघांच्या वडिलांची नावं होती. सह्यांच्या जागा कोऱ्या. आणि समासात पेन्सिलीनं दोन शब्द: "आले नाहीत."

इथं मी काय करायला हवं होतं, ते मला आता कळतं. वही मिटून "दोन दिवसांनी या" म्हणायला हवं होतं आणि आधी पाद्रीसाहेबांशी बोलायला हवं होतं. पण एवढं जुनं पान दहा मिनिटांत सापडल्याचा मला आनंद झाला होता. मी वही फिरवून त्यांच्यापुढं ठेवली.

ताईंनी चष्मा लावून वाचलं. "आले नाहीत? अहो, आम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं होतं." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "व्हय ना?"

काका छताच्या पंख्याकडं बघत बसले.

मर्सीनं विचारलं, "म्हणजे बाई, आईबाबांचं लग्न झालंय की नाही?"

"आशीर्वाद झालाय," मी म्हटलं. "कायद्यानं लग्न झालेलं दिसत नाही."

"मग मी कोण?"

ती त्रेचाळीस वर्षांची मुख्याध्यापिका होऊ घातलेली बाई मला विचारत होती. मी म्हटलं, "तू मर्सी. तुझा बाप्तिस्मा इगतपुरीला नोंदलेला असेल, आईवडिलांच्या नावासकट. त्याची काळजी करू नकोस." हे बरोबर होतं की नाही, मला अजून खात्री नाही.

आमचे पाद्रीसाहेब तरुण होते, नगरकडचे, त्याच वर्षी बदलून आलेले. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले आणि सरळ मार्ग काढला. दोघांनी आता रीतसर लग्न करावं. तीन रविवार नावं वाचायची, मग एका सकाळी चर्चमध्ये घरच्याच माणसांत समारंभ, लगेच दाखला. मी नवा अर्ज भरला. "स्थिती" या रकान्याशी माझं पेन थांबलं. विधवा नाही, घटस्फोटित नाही. शेवटी नियमानं जे येत होतं तेच लिहिलं. दोन नातवंडांच्या आजीपुढं लिहिलं, अविवाहित.

पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा मंडळीत हसू फुटलं, प्रेमाचंच. उपासनेनंतर बायकांनी ताईंना घेरून हळद कधी म्हणून विचारलं. दुसऱ्या रविवारीही तसंच. ताई मात्र हसत नव्हत्या. काका त्यांच्या शेजारी हातातली टोपी फिरवत बसलेले.

तिसऱ्या रविवारी पाद्रीसाहेबांनी नावं वाचली, हरकतीचं विचारलं आणि सवयीनं थांबले. डाव्या बाजूच्या चौथ्या बाकावरून आवाज आला, "हाय. हरकत हाय."

सगळ्यांनी माना वळवल्या. रत्नमालाताई उभ्या होत्या.

पाद्रीसाहेबांना वाटलं त्यांना ऐकू आलं नसावं. "ताई, हे तुमचंच आहे," ते हळू म्हणाले.

"माझंच हाय. हरकतही माझीच हाय."

पाद्रीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खांबामागं बसले होते. मला काय माहीत? हरकत आली तर पाळकानं, म्हणजे पाद्रीसाहेबांनी, ती ऐकून घ्यावी, खरीखोटी तपासावी, तोवर लग्न थांबवावं, एवढं पुस्तकात होतं. वधूनं स्वतः हरकत घेतली तर काय, हे कोणी लिहिलंच नव्हतं. पाद्रीसाहेबांनी "उपासनेनंतर भेटू" म्हणून पुढचं गीत सांगितलं, आणि तेही चुकीच्या क्रमांकाचं सांगितलं. अर्धी मंडळी एक गात होती, अर्धी दुसरं.

वेस्ट्रीत आम्ही पाच जण. दार लावलेलं.

"बोला ताई," पाद्रीसाहेब म्हणाले. "हरकत काय?"

"मला कळलं पायजे, हे तेव्हा का आले नाहीत. निरोप-बिरोप काही नव्हता. तुमच्या वहीत लिवलंय. तीन आठवडे घरात विचारते आहे, भिंतीशी बोलल्यासारखं. म्हटलं, इथं विचारलं तर सांगावं लागंल."

मर्सी म्हणाली, "आई, झालं गेलं."

"तुझं झालं गेलं. मी सेहेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले की आमचं नाशिकला वहीत हाय. सासूनं घालून पाडून बोललं तरी मनात म्हणायची, बोल, माझं वहीत हाय. आणि वहीत काय, तर आले नाहीत."

मग सगळे पगारेकाकांकडं बघू लागलो. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली. ओठ हलले, आवाज आला नाही. ताईंचं तोंड सवयीनं त्यांच्यासाठी उघडलं आणि त्यांनी ते मिटून घेतलं. मी ते बघितलं.

"बो..." काका म्हणाले. "बो... बोलायचं होतं." पुन्हा बराच वेळ. "इथं. उभं राहून. स... सगळ्यांसमोर. मला नसतं जमलं. लोक ह... हसले असते."

ताई खुर्चीवर बसल्या. मग अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मग मला सांगायचं होतं की."

"ते पण," काका म्हणाले, "बो... बोलायचंच होतं ना."

मला वाटलं, आता ताई रडतील, हरकत मागं घेतील आणि विषय संपेल. तसं झालं नाही. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला राग आलाय का काय झालंय, तेच कळंना. मला थोडे दिवस द्या." आणि मुलीचा हात धरून बाहेर गेल्या. काका मागून टोपी घालून निघाले.

दहा दिवस काही नाही. ऑपरेशनची तारीख जवळ आली. मर्सी एकटी ऑफिसात आली आणि माझ्यावर चिडली. "बाई, तुम्ही ते पान दाखवलंच कशाला? दोघं एका घरात राहतात, एका ताटलीतली बिस्किटं खातात आणि बोलत नाहीत. बाबांना काही झालं तर आईच्या हातात काय राहणार? ना दाखला ना पेन्शन." मी मान खाली घालून ऐकलं. ती बरोबर होती. मी वही नीट ठेवली होती, माणसं नीट ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई स्वतः आल्या. रिक्षानं, एकट्या. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या.

"बाई, त्या अर्जात माझ्यापुढं काय लिवलंय?"

"अविवाहित," मी म्हटलं.

त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं की कशाचं, मला ओळखता येईना. "म्हणजे मी नको म्हणू शकते?"

"म्हणू शकता."

"नको म्हटलं तर काय होतं?"

"काही नाही. घरी जायचं."

"घरी म्हणजे त्यांच्याकडंच ना?"

आता मीही हसले. मग त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "पहिल्यांदा बघायला आले तेव्हा कोणी मला विचारलं नव्हतं. वडिलांनी ठरवलं. इथं येऊन पाद्रीसाहेब विचारतात, तुझी खुशी हाय का, असं मी मैत्रिणीच्या लग्नात ऐकलं होतं. त्या आठ दिवसांत मी वाट बघत होते, मला कधी विचारतील. मग निरोप आला, गरज नाय. तेव्हा काय वाटलं होतं ते मी विसरून गेले होते. तुम्ही पान दाखवलं आणि परत आठवलं. तो राग यांच्यावर का कोणावर, ते अजून ठरत नाय."

तरी हरकत मागं घेते, म्हणाल्या. मी कोऱ्या कागदावर लिहिलं की अमुक तारखेला घेतलेली हरकत मागं घेत आहे, कारण त्याला छापील नमुना नव्हता. त्यांनी सही करायच्या आधी एक अट घातली. शपथ घेताना काका अडले तर कोणी शब्द पुरवायचा नाही. पाद्रीसाहेबांनी नाही, मर्सीनं नाही, आणि त्याही पुरवणार नाहीत.

मी म्हटलं, "ताई, त्यांच्या हृदयाचं दुखणं. नुसती मान हलवली तरी पाद्रीसाहेब चालवून घेतील."

"आजवर मी पुरवतच आले," त्या म्हणाल्या. "त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला तरी कुठं माहीत हाय?"

हा दयाळूपणा होता की शिक्षा, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजून कळत नाही.

लग्न शनिवारी सकाळी झालं. जेमतेम दहा माणसं. ताईंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती, हिरव्या काठाची. काकांनी जावयाचा कोट घातला होता, बाह्या लांब होत होत्या. पाद्रीसाहेबांनी वचन छोट्या छोट्या तुकड्यांत सांगायला सुरुवात केली, म्हणजे मागून म्हणता येतं. "मी शमुवेल" काकांनी म्हटलं, थोडं अडून. मग बायकोचं नाव.

"र..."

र निघेना. त्यांचे डोळे मिटले. मान एका बाजूला ओढली गेली. "र... र..." पुढच्या बाकावर मर्सीनं रुमाल तोंडावर धरला होता. माझे ओठ आपोआप हलत होते. पाद्रीसाहेबांनी पुस्तकावरून डोळे वर केले, ताईंकडं बघितलं. ताईंनी नुसतं डोळ्यांनी नाही म्हटलं. त्या काकांकडं बघत होत्या, घाई न करता, जणू त्यांना कुठंच जायचं नव्हतं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत राहिलं, थांबलं. मग काका म्हणाले, "रत्नमाला." आणि पुढचं सगळं, तुकड्या तुकड्यानं, अडत, घाम पुसत, पण पूर्ण म्हणाले. कोणी हसलं नाही.

मग ताईंची पाळी. पाद्रीसाहेबांनी पहिला तुकडा सांगितला. आणि अख्ख्या इगतपुरीला बोलण्यात हरवणारी ती बाई गप्प झाली. पाद्रीसाहेबांनी पुन्हा सांगितलं. ताईंचे ओठ हलले, शब्द नाही. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार.

तेव्हा पगारेकाका तिच्याकडं थोडे वाकले आणि म्हणाले, "मी रत्नमाला, तुम्हाला शमुवेल."

एकदाही न अडता. स्वच्छ.

ताईंनी दचकून त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यांच्या मागून म्हटलं. पुढचे दोन-तीन तुकडेही त्यांनीच सांगितले, पाद्रीसाहेब नुसते पुस्तक धरून उभे. अट फक्त काकांसाठी होती. नियमात हे बसतं का, मी विचार करत होते, आणि मग विचार करायचा सोडून दिला.

वेस्ट्रीत सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मर्सीनं सही केली. मुलीनं आईवडिलांच्या लग्नाला साक्ष दिलेली माझ्या वहीत ती एकच नोंद. लिहिताना ‘पगारे’चा काना थोडा वाकडा झाला. त्याच आठवड्यात दाखला गेला, पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं आणि काका बरे होऊन घरी आले.

त्यानंतर मी निवृत्त झाले. साधारण वर्षानं काका गेल्याचं कळलं, झोपेतच. मी गावाला होते, अंत्यविधीला जाता आलं नाही.

मागच्या महिन्यात गंगापूर रोडला भाजीच्या गाडीशी रत्नमालाताई भेटल्या. पेन्शन वेळेवर येतं, म्हणाल्या. मला हात धरून बाजूला घेतलं. मी मनात तयारी केली, की आता त्या पान दाखवल्याबद्दल बोलतील. गेली चार वर्षं मी त्याची वाट बघत होते.

"बाई, लग्नानंतर मी त्यांना मध्ये तोडायचं बंद केलं," त्या म्हणाल्या. "सकाळचा चहा दोन-दोन तास चालायचा. काय काय बोलायचे हो! शेडमधल्या इंजिनांचं, कुठल्या साहेबानं काय केलं त्याचं. मला अर्धं कळायचं नाय. एक दिवस म्हणाले, मला गवार आवडत नाय. मी म्हटलं, आता सांगता? दर आठवड्याला खात आलात की."

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

ताईंनी माझ्या पिशवीकडं बघितलं, गाडीवाल्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणाले, तू कधी विचारलंच नाहीस."

गाडीवाला आम्हा दोघींना विचारत होता, आणखी काय देऊ. कोणालाच पटकन सांगता येईना.